ड्युअल 1219 घ्यावी का? आर्म उचलतो, पण आत सरकत नाही

चौघडा
नमस्कार मंडळी. सासऱ्यांकडून शंभरेक एलपी घरी आल्यात. बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, शिवाय 78च्या काही जुन्या तबकड्या. वाजवायला घरात काही नाही. दुकानात नवीन प्लेअर पाहिले, पण माझ्या बजेटमधले अगदीच हलके वाटले आणि त्यातल्या बहुतेकांना 78 स्पीडच नाही.

परवा सदाशिव पेठेत एका ओळखीच्यांकडे ड्युअल 1219 ही जुनी जर्मन ऑटोमॅटिक टर्नटेबल (सुईचा आर्म आपोआप ठेवणारी-उचलणारी) पाहिली. त्यांचे वडील कुवेतला नोकरीला होते, तिथून आणलेली. लाकडी बॉक्स चांगला आहे, वरचं झाकण तडकलंय. स्टार्ट केलं की थाळी फिरते, आर्म वर उचलला जातो, पण आत रेकॉर्डकडे सरकत नाही. दोन सेकंद तसाच थांबतो आणि परत आपल्या जागी बसतो. हाताने आत नेऊन ठेवला तर फिरणं चालू राहतं. सुई तुटलेली असल्यामुळे आवाज ऐकता आला नाही. 16 हजार सांगतायत.

प्रश्न दोन. हे दुरुस्त होण्यासारखं आहे का? आणि मुळात ऑटोमॅटिकच्या भानगडीत पडावं की साधी मॅन्युअल शोधावी?

बिनधास्त_बंड्या
आर्म उठतो, विचार करतो आणि परत बसतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं मॉडेल दिसतंय.

नाना_चाळीसगावकर
ऑटोमॅटिक घेऊ नका, स्पष्ट सांगतो. आमच्याकडे रेडिओग्राम होता, त्यात बीएसआर कंपनीचा चेंजर. सहा रेकॉर्डी वर लावायच्या, एक संपली की दुसरी खाली धप्प. तेव्हा मौज वाटायची, पण रेकॉर्डवर रेकॉर्ड घासते, वरची निसटून फिरते आणि मधलं भोक मोठं होतं ते वेगळंच. मुंबईचे माझे मेहुणे त्या काळीही म्हणायचे की गाणं ऐकायचं असेल तर उठून आर्म ठेवायचे कष्ट घ्या. जितके भाग जास्त तितकी कटकट जास्त.

खटपट्या_नाशिक
चौघडा, तुम्ही लिहिलेलं लक्षण वाचून हसूच आलं, कारण ड्युअलची ही सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात स्वस्त तक्रार आहे.

आतल्या मुख्य पट्टीवर एक छोटी खुंटी असते. तिच्यावर रबराची इवलीशी टोपी. जर्मन लोक तिला ष्टॉयरपिंपल म्हणतात आणि जगभरचे ड्युअलवाले तेच नाव वापरतात. आर्म वर गेला की ही टोपी आर्मच्या खालच्या तुकड्याला घासून त्याला आत ओढते. पन्नास वर्षांत रबर कडक होतं, चिरतं, गळून पडतं. मग उचलायचं काम कॅम (आतलं खाचेचं चाक) करतो, पण आत न्यायला धरणारं कोणी उरत नाही. आर्म वर जाऊन परत खाली बसतो.

उपाय म्हणजे सायकलची वालट्यूब. तीन-चार मिलिमीटरचा तुकडा कापायचा आणि खुंटीवर चढवायचा. खर्च पाच रुपये, तेही सायकलवाला पूर्ण ट्यूब विकत घ्या म्हणाला तर. वालट्यूबही काही वर्षांनी सुकते, म्हणून आता मी सिलिकॉनची बारीक नळी वापरतो. पण खात्री करायला वालट्यूब उत्तम.

भाव करताना मात्र हे विकणाऱ्याला सांगू नका :)

विभावरी
खटपट्या, सुंदर माहिती. वाचनखूण साठवली.

सुरेल_शेजारी
एक प्रामाणिक शंका. 16 हजार यंत्राचे, सुईचे वेगळे, अॅम्प्लिफायर वेगळा, प्रीअॅम्प वेगळा. हीच सगळी गाणी मोबाईलवर फुकट. हौस म्हणून ठीक, पण "आवाज जास्त उबदार" वगैरे कृपया नको.

नाना_चाळीसगावकर
हीच सगळी नाहीत. माझ्याकडच्या निम्म्या 78 अजून कुठेही चढलेल्या नाहीत, मोबाईलवर शोधून दाखवा.

कॅलिपर
घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, व्होल्टेज. ड्युअलच्या मोटरला 110 आणि 220 ची जोडणी बदलता येते. कुवेतहून आली असेल तर 220वरच असणार, तरी खालचं लेबल वाचा.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची, फ्रिक्वेन्सी. 1219ची मोटर एसी आहे, तिचा वेग व्होल्टेजवर नाही, हर्ट्झवर ठरतो. कुवेत 50 हर्ट्झ, भारत 50 हर्ट्झ, म्हणजे तुम्ही वाचलात. हीच सौदीतून किंवा अमेरिकेतून आली असती तर 60 हर्ट्झची पुली निघाली असती आणि इथे हळू फिरली असती. लोक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून निर्धास्त होतात. ट्रान्सफॉर्मर 230चे 110 करून देतो, 50चे 60 करत नाही.

न्यूजर्सीची_मावशी
अरेच्चा! 2009ला परत येताना आम्ही आमची तिकडची टर्नटेबल ट्रान्सफॉर्मरसकट आणली होती. इथे लावल्यापासून सगळे गायक दमल्यासारखे गायचे. दुरुस्तीवाल्याने बेल्ट बदलून पैसे घेतले, फरक शून्य. शेवटी माळ्यावर टाकली. आता खाली काढते.

कॅलिपर
मावशी, त्याला पुलीच बदलावी लागते. मोटरच्या दांड्यावरची ती छोटी पितळी पायऱ्यापायऱ्यांची चकती. 60ची काढून 50ची बसवायची, ती किंचित मोठ्या व्यासाची असते. मात्र तुमची क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटरवाली असेल तर हर्ट्झचा संबंध नाही, मग दोष दुसरीकडे शोधायचा.

विभावरी
यात गंमत आहे. 60ची मशीन 50वर चालवली की वेग 5/6 होतो ना? म्हणजे स्वरही 5/6ने खाली. शुद्ध धैवताचं गुणोत्तर 5/3, त्याचा मंद्र सप्तकातला 5/6. थोडक्यात गायकाचा षड्ज बरोबर मंद्र धैवतावर जाऊन बसणार. काळी चारला गाणारी बाई पांढरी चारला उतरेल. तीन स्वरांचा फरक आणि शिवाय लयही सहाव्या हिश्शाने संथ. मावशी, दमल्यासारखे गायचे हे अगदी शब्दशः खरं होतं.

बिनधास्त_बंड्या
म्हणजे अमेरिकन मशीन आणली की द्रुत ऐकायला विलंबितच मिळणार. किराणा घराण्याला लाभ.

विभावरी
हलके घेते :) पण उलट फार वाईट. 50ची मशीन अमेरिकेत नेली तर 33⅓ची गती 40 होते.

खटपट्या_नाशिक
वेग घरी तपासायला काही लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावा. 33⅓ला बरोबर 100 फेरे झाले पाहिजेत. 60 हर्ट्झची पुली असेल तर 83 भरतील. 1219ला पिच कंट्रोल (वेग किंचित कमीजास्त करायची सोय) आहे पण तो वर-खाली तीनेक टक्क्यांचा, एवढी मोठी चूक त्याने झाकत नाही.

स्ट्रोबची चकती (वेग तपासायची रेघांची चकती) वापरणार असाल तर साधा बल्ब किंवा चोकवाली ट्यूबलाइट लागते. चांगल्या एलईडीखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत आणि माणूस उगाच मशीनला दोष देत बसतो.

नानांच्या मुद्द्यावर नंतर लिहितो, जरा मोठं आहे.

श्टुटगार्टकर
इथून गाडीने दीड-दोन तासांवर सांक्ट गेओर्गेन आहे, ब्लॅक फॉरेस्टमधलं डोंगरावरचं छोटं गाव. ड्युअल तिथली. 1907मध्ये श्टाइडिंगर बंधूंनी घड्याळांचे आणि ग्रामोफोनचे सुटे भाग करायला सुरुवात केली. गंमत म्हणजे पेर्पेटुउम-एब्नर ही दुसरी टर्नटेबलवाली कंपनीही त्याच गावातली. एवढ्याशा गावात दोन कारखाने! 1982मध्ये ड्युअल दिवाळखोरीत गेली, मग फ्रेंच थॉमसनकडे. गावात आता फोनोम्युझियम आहे, जरूर बघण्यासारखं.

इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात 1219 अजूनही दिसते. पण पार्सलने पाठवताना ती मोडते. थाळी तीन किलोची आहे, ती वेगळी काढून बांधायची, आर्मच्या मागचं वजन काढायचं, स्प्रिंगवर तरंगणारी चासी ट्रान्सपोर्ट स्क्रूंनी घट्ट करायची. विकणारे तिन्ही गोष्टी क्वचितच करतात. माझ्या मित्राने मागवलेली आली तेव्हा थाळी आर्मवर येऊन पडलेली होती. त्यामुळे चौघडा, पुण्यातच सुस्थितीत मिळत असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

चौघडा
सगळ्यांचे आभार! पुन्हा जाऊन आलो. लेबलवर 220 आणि 50 आहे. कागद लावून मोजलं, 100च्या एक फेरा कमी भरला.

एक नवी गोष्ट दिसली. बंद केल्यावरही थाळी हळूहळू फिरत राहते. आणि खालून किंचित घरघर येते.

कॅलिपर
थांबा. बंद केल्यावरही फिरते म्हणजे बहुधा स्विचच्या दोन टोकांमध्ये लावलेला कपॅसिटर गेलाय. स्विच उघडताना ठिणगी पडू नये, स्पीकरमध्ये फट् आवाज येऊ नये म्हणून तो असतो. म्हातारा झाला की तो स्वतःच करंट सोडायला लागतो. तो फुटतोही. मेन्सवर (घरच्या वीजजोडणीवर) बसणारा एक्स-2 प्रकारचा, 275 व्होल्टचा, 10 नॅनोफॅरडचा नवा घ्या. साधा डिस्क कपॅसिटर चालणार नाही. ज्याला मेन्सच्या कामाची सवय नाही त्याने हे करू नये, आपल्या गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून पंधरा मिनिटांत करून घ्या. तोवर प्लग काढून ठेवा.

खटपट्या_नाशिक
कॅलिपर यांना अनुमोदन. घरघर बहुतेक आयडलरची. मोटरची पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबरी कडेचं चाक असतं, ते फिरून थाळीला फिरवतं. रबर कडक झालं की आवाज करतं. बारीक सँडपेपरने कड नुसती मळकट थर जाण्याइतकी घासा, आयसोप्रोपिलने पुसा, चाकाच्या दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. एकच. तेल रबरावर गेलं तर सगळं पहिल्यापासून.

आता नाना. काका, तुमच्या रेडिओग्रामातला चेंजर आणि ही ड्युअल यांची तुलना बरोबर नाही. एकावर एक रेकॉर्डी टाकणं कोणी सक्तीचं केलेलं नाही. 1219ला आखूड स्पिंडल (थाळीच्या मधली खुंटी) लावला की ती एकच रेकॉर्ड वाजवते. त्यात सिंगल आणि मल्टी असा एक खटकाही आहे, जो आख्खा आर्म पायासकट वर-खाली करतो, म्हणजे एकच रेकॉर्ड असताना सुईचा कोन चुकत नाही. (चौघडा, तो सिंगलवर आहे ना बघा.)

दुसरं म्हणजे, वाजत असताना ऑटोमॅटिकची यंत्रणा आर्मला जवळजवळ शिवतच नाही. शेवट ओळखायची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. आर्मबरोबर एक हलकी पट्टी थोडी थोडी पुढे सरकते. थाळीच्या बुंध्याला एक दात असतो, तो दर फेऱ्याला त्या पट्टीला मागे ढकलतो. गाणं चालू असताना आर्म एका फेऱ्यात केसभर आत जातो, त्यामुळे पट्टी दरवेळी सहज मागे जाते. गाणं संपून सुई शेवटच्या रुंद खाचेत शिरली की आर्म एकाच फेऱ्यात बराच आत धावतो, पट्टी मागे जाण्याआधीच दातात अडकते, मोठा कॅम फिरायला लागतो आणि आर्म उचलला जातो. मोटर एकच, कोणताही सेन्सर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही.

बहुतेक ऑटोमॅटिक "बिघडतात" त्या इथेच. मोडलेलं काही नसतं. ग्रीस सुकलेलं असतं.

नाना_चाळीसगावकर
खटपट्याराव, समजावून छान सांगितलंत. मत बदललेलं नाही, पण छान सांगितलंत.

विभावरी
नाना, एक वेगळी बाजू. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. त्यांना माणिक वर्मा, कुमारजी ऐकायचे असतात आणि रेकॉर्डवरच ऐकायचे असतात, कव्हर मांडीवर घेऊन. मॅन्युअल प्लेअरवर त्यांचा हात थरथरला की सुई सरळ रेकॉर्डवर ओढली जायची. एक रेकॉर्ड कायमची गेली, मग त्यांनी हात लावणंच सोडलं. आता घरात जुनी पूर्ण ऑटोमॅटिक टेक्निक्स आहे. रेकॉर्ड ठेवतात, कळ दाबतात, बाकी सगळं मशीन करते. बाजू संपली की उचलून ठेवते, त्यामुळे ते मध्येच झोपले तरी सुई तासभर आतल्या गोल खाचेत कुरकुरत बसत नाही. ऑटोमॅटिक आळशांसाठी असते असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

नाना_चाळीसगावकर
विभावरीताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाबांना नमस्कार सांगा.

बिनधास्त_बंड्या
मी आळशी आहे आणि मला ऑटोमॅटिक हवी आहे. माझीही बाजू कोणीतरी मांडा.

मडगांवचो
गोव्यातले अनुभव. आमच्याकडे गॅरार्डचा चेंजर, आजोबांच्या वेळचा. इथल्या दमट हवेत रेकॉर्डला बुरशी आधी लागते. थाळीखालच्या लोखंडी भागांवर गंज चढतो तो वेगळा. सुकलेलं ग्रीस सैल करायला कोणीतरी घरातलाच गंज काढायचा स्प्रे सगळीकडे मारला होता. दोन दिवस उत्तम चालला. मग तोच स्प्रे जुन्या ग्रीसमध्ये मिसळून पसरला, आयडलरवर गेला आणि थाळी घसरायला लागली. तेव्हा स्प्रे नको, पुसून काढा.

खटपट्या_नाशिक
सोळा आणे. अख्खी मशीन खोलायचीही गरज नाही. थाळीच्या मधली सर्कलिप काढली की थाळी सरळ वर येते. खाली मोठा कॅम दिसेल. त्याच्या खाचेतलं ग्रीस जुन्या गुळाच्या ढेपेसारखं झालेलं असतं, पिवळट-तपकिरी, नख रोवलं तरी हलत नाही. इअरबड आणि आयसोप्रोपिल घेऊन सगळं खरवडून काढायचं. मग सरकणाऱ्या जागी नवं लिथियम ग्रीस, अगदी पुसट. आणि ती मघाशी सांगितलेली हलकी पट्टी, तिला काहीही लावायचं नाही. ती कोरडी आणि मोकळीच हवी. तिला उत्साहाने तेल लावलं की मशीन एकतर शेवट ओळखतच नाही किंवा अर्ध्या गाण्यात आर्म उचलते.

प्रत्येक पायरीला मोबाईलने फोटो काढा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नंतर आठवत नाही.

नंतर प्लग न लावता स्टार्टची कळ ओढून थाळी हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. आख्खं चक्र संथपणे डोळ्यांसमोर होतं. कुठे अडतंय ते लगेच कळतं.

सुरेल_शेजारी
मी टोमणा मारायला आलो होतो आणि गेला तासभर ऑटोमॅटिक टर्नटेबलचे व्हिडिओ बघतोय. धाग्याचा निषेध.

सुईबद्दल कोणी बोललंच नाही. ती मिळते का?

श्टुटगार्टकर
मिळते. शुअर कंपनीने 2018मध्ये कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बनवणं थांबवलं, पण त्यांच्या जुन्या मॉडेलांना बसणाऱ्या सुया जपानची जिको करते. नाहीतर सरळ नवीन कार्ट्रिज लावा. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-95ई या आर्मला चांगलं जातं, वजन दोन ग्रॅम ठेवायचं.

युरोपातल्या ड्युअलला पाच पिनांचा डिन प्लग असतो, त्याचा आताच्या अॅम्पला लागणारा आरसीए प्लग करून घ्यावा लागतो. त्यात अर्थची वायर वेगळी बाहेर काढली नाही तर घूं असा आवाज येत राहतो.

कॅलिपर
आणि प्रीअॅम्प विसरू नका. एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टा, कॅलिप्सो प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असायचं, ते शेकडो मिलिव्होल्ट देतं, कुठल्याही अॅम्पला थेट लागतं. मॅग्नेटिक कार्ट्रिज चार-पाच मिलिव्होल्टच देतं, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार वाढवलेली असते, ते उलटं करून द्यावं लागतं. फोनो लिहिलेल्या इनपुटलाच जोडा. नाहीतर आवाज बारीक आणि पत्र्याच्या डब्यातून येईल आणि शेजारी परत म्हणतील मोबाईलच बरा.

सुरेल_शेजारी
म्हणेनच.

नाना_चाळीसगावकर
78बद्दल मी सांगतो, तो माझा प्रांत. चौघडा, एलपीच्या सुईने 78 वाजवू नका. एलपीची खाच बारीक, सुईचं टोक 18 मायक्रॉनच्या आसपास. 78ची खाच तिच्यापेक्षा बरीच रुंद, त्यासाठी 65-75 मायक्रॉनचं टोक मिळतं. एलपीची सुई 78मध्ये तळाला जाऊन कचरा गोळा करते, नुसती खरखर ऐकू येते आणि सुईची वाट लागते. तुमच्या ड्युअलला 78 स्पीड आहे ही मोठी जमेची बाजू. हेडशेलमधलं (आर्मच्या टोकाचं) कार्ट्रिज बदलायची सोय आहे, तेव्हा दुसरं एखादं 78च्या सुईचं ठेवा.

आणि धुताना सांभाळा. एलपीला डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. 78 लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आमच्या एका स्नेह्यांनी बालगंधर्वांची तबकडी स्पिरिटने लख्ख पुसली. लख्ख झाली. गाणं गेलं.

मडगांवचो
आई गं.

विभावरी
नाना, बालगंधर्वांच्या तबकड्या तुमच्याकडे किती? वेगळा धागा काढा ना.

नाना_चाळीसगावकर
काढतो. मुलगा दिवाळीला आला की फोटो टाकायला शिकवणार आहे.

बिनधास्त_बंड्या
अवांतर: चोर बाजारात गेलो होतो, मटन स्ट्रीटला. दुकानदार म्हणाला "साहेब, पूर्ण ऑटोमॅटिक आहे". कळ दाबली तर काहीच होईना. म्हणाला, "थोडं हाताने करावं लागतं."

चौघडा
अपडेट. घेतली. 11 हजारांवर सौदा झाला. कपॅसिटरचा प्रश्न दाखवल्यावर ते स्वतःच खाली आले. वालट्यूबबद्दल शब्द काढला नाही :)

कपॅसिटर कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या काकांकडून बदलून घेतला. जुना बाहेर काढला तर उभा चिरलेला होता. बंद केल्यावर थाळी आता थांबते.

खुंटीवर टोपी नव्हतीच. खाली चासीच्या तळाला काळा चुरा पडलेला दिसला, तीच असणार. सायकलवाल्याने वालट्यूब दहा रुपयांची दिली, तुकडा पहिल्यांदा लांब कापला गेला तर आर्म आत जाऊन परत यायला तयार होईना. अर्धा मिलिमीटर कमी केल्यावर बरोबर जागेवर उतरला, कडेच्या पहिल्या खाचेत. बायको आणि मुलगी दोघी बघत उभ्या होत्या, मुलीने दहा-बारा वेळा स्टार्ट-स्टॉप करायला लावलं.

सुई यायची आहे, तेव्हा आवाजाबद्दल नंतर. एक कुरबूर राहिलीय. खटक्याने आर्म खाली सोडला तर हळूवार न उतरता धप्पकन पडतो. तोही रबराचाच प्रश्न का?

खटपट्या_नाशिक
अभिनंदन! नाही, तिथे रबर नाही. आर्म उतरवणाऱ्या नळीत अतिशय घट्ट सिलिकॉन तेल असतं, तेच त्याला सावकाश सोडतं. ते गेलंय. जुनं पुसून नवं भरावं लागतं आणि साधं मशीनचं तेल अजिबात चालत नाही, ते फार पातळ पडतं. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या दुकानात डिफरन्शियलसाठीचं सिलिकॉन तेल मिळतं, त्यातलं सगळ्यात घट्ट घ्या, तीन लाखांचा आकडा लिहिलेलं असेल तर उत्तम. पुण्यात मिळायला हरकत नाही. तोवर खटका वापरू नका, स्टार्टची कळही तो आर्म त्याच नळीवरून सोडते म्हणून नवी सुई लावायच्या आधी हे काम करा.

चौघडा
हे बरं झालं विचारलं. सुई आली की डब्यातच ठेवतो.

न्यूजर्सीची_मावशी
माझी माळ्यावरून खाली आली. खाली लेबलवर "120V 60Hz" लिहिलंय, मॉडेल वाचता येत नाही, अक्षरं पुसलीत. थाळी उचलल्यावर बेल्ट दिसला. मोटरवर दोन पायऱ्यांची पुली आहे. ही एसीची का डीसीची हे कसं ओळखायचं?

कॅलिपर
मावशी, मोटरला बाहेरून येणाऱ्या वायरी थेट मेन्सच्या केबलकडे आणि स्विचकडे जात असतील, मध्ये ट्रान्सफॉर्मर किंवा छोटं सर्किट बोर्ड नसेल तर एसी. पुलीला दोन पायऱ्या आहेत म्हणजे 33 आणि 45साठी बेल्ट सरकतो, तेही बहुतेक एसीकडेच बोट दाखवतं. प्लग काढून मोटरचा आणि पुलीचा फोटो टाका. पुलीच्या दोन्ही पायऱ्यांचा व्यास व्हर्नियरने मोजून लिहिलात तर नाशिकच्या एखाद्या लेथवाल्याकडून 1.2 पट व्यासाची करून घेता येईल. खटपट्या, तुमच्या ओळखीचा आहे ना कोणी?

खटपट्या_नाशिक
आहे, अंबडला. पितळेची करून देतो, पण मध्यभागाचं भोक केसभरही बाजूला गेलं तर प्रत्येक फेऱ्याला सूर डुलतो, म्हणून मोटरच्या दांड्याचंही माप पाठवा. बेल्टची लांबी पुरेल का ते नंतर बघू, पुली मोठी झाली की तो थोडा ताणला जाईल.

न्यूजर्सीची_मावशी
व्हर्नियर नाही. भाच्याकडे इंजिनिअरिंगचा आहे, रविवारी मागवते.